सातव्या चित्राच्या पाठीवर

औसा,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय वर्षाराणी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल असं धरून चालते. आज रविवार, म्हणजे माझा रविकिरण तुझ्याकडे जेवायला आला असेल. क्लासच्या मेसचं वरण खाऊन पोरगं वाळून गेलंय, त्याला पोटभर वाढ. पुढे मी जे लिहिणार आहे त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याला काही विचारू नकोस, सांगूही नकोस.

कालपासून तीनदा मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हं, हं’ करते. बी.एड.च्या होस्टेलपासून बावीस वर्षं हे असंच चाललं आहे. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून पत्र.

आमच्या संचातलं आठवं चित्र तू काढून टाकलंस. मला न सांगता.

तू म्हणशील, अकरातलं एक. म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुला त्यातलं बरंचसं माहीत आहे, पण जे माहीत नाही तेच महत्त्वाचं आहे.

जूनमध्ये नांदेडच्या प्रशिक्षणात तू ती लाकडी चौकट टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, जपानमध्ये मुलांना गोष्ट अशी सांगतात. चौकटीत चित्रं एकामागे एक. सांगणारा मागे उभा राहतो, समोरचं चित्र ओढून काढतो आणि सगळ्यात मागे सरकवतो. त्यामुळे मजकूर त्या त्या चित्राच्या पाठीवर लिहून चालत नाही, आधीच्या चित्राच्या पाठीवर लिहावा लागतो. पहिल्याचा मजकूर शेवटच्याच्या पाठीवर. आम्ही सगळे त्यात गोंधळलो. कंधारच्या भारत सरांनी तर तासभर खपून सगळं उलटंच लिहून आणलं, आणि तू म्हणालीस, “सर, तुमची गोष्ट मरणापासून बारशाकडे चाललीय.” किती हसलो होतो आपण.

ऑगस्टमध्ये आमच्याशी जोडलेल्या तिकडच्या शाळेचा संच आला. त्यांच्या गावावर विमानांनी बॉम्ब टाकले त्या दिवसाची गोष्ट. आमच्या नववीच्या पोरींना वाटलं होतं, बिचाऱ्यांवर कसा अन्याय झाला ते सांगतील. तसं सांगितलंच त्यांनी. पण सहाव्या चित्रात त्या मुलांच्यातल्या एकाचा पणजोबा होता, तेव्हा चौदा वर्षांचा, कारखान्यात कामाला. तळघरात जागा उरली नाही म्हणून त्यानं आतून दार लावून घेतलं. बाहेर त्याच्याच मशीनवर काम करणारा कोरियाचा मुलगा उभा होता. त्याला तिकडे पकडून कामाला आणलेलं होतं. दार वाजत राहिलं. गोष्ट तिथेच संपली.

मग महेजबीन म्हणाली, “मॅडम, हे त्यांनी आपल्याला कशाला सांगितलं? आपल्याला कळलं पण नसतं.”

माझ्या वहीत त्या दिवशी फक्त तिचा प्रश्न लिहिलेला आहे.

त्याच वर्गातल्या अक्षरानं ती गोष्ट घरी पणजीला सांगितली. सुभद्राबाई, वय अठ्ठ्याऐंशी. एक कान गेलेला, दुसरा मोठ्यानं बोललं तर चालतो, डोळे मात्र सुईत दोरा ओवतील असे. दुसऱ्या दिवशी अक्षरा निरोप घेऊन आली. “मॅडम, आजी म्हणून राहिली, तुमच्या बाईला घेऊन ये.”

मी गेले. म्हातारीनं कपाळावरची विभूती नीट केली, मला समोर बसवलं आणि विचारलं, “त्या पोरानं खरंच सांगितलं का, आपल्या आज्यानं दार लावलं म्हनून?”

“हो आजी.”

“समद्यांसमोर?”

“हो.”

“मंग त्याला घरी कुनी मारलं न्हाई?”

“नाही मारलं.”

मग म्हणाली, “माझं बी लिहून घ्या. पन एक हाय. सांगायचं तर सगळं सांगा, न्हाईतर सांगूच नका. अर्धं तर दर साली झेंड्याच्या दिवशी ऐकून राहिले मी.”

मी शब्द दिला.

त्या अर्ध्याबद्दल तुला सांगायला नको, ते आपण दोघीही शाळेत दर सतरा सप्टेंबरच्या मुक्तिदिनाला ऐकत वाढलो. रझाकार आले, तिच्या बापाचं घर जाळलं, चुलत्याला मारलं. मदारसाब हा त्यांचा शेजारी. त्यानं ह्या सगळ्या घराला आपल्या अंगणातल्या ज्वारीच्या रिकाम्या पेवात उतरवलं. वर फळी, फळीवर कडबा. दोन दिवस, दोन रात्री. तो अंधार पडला की फळी बाजूला करून वरून पाण्याचा तांब्या सोडायचा. अकरा वर्षांची सुभद्रा खालून बघायची: एक गोल आभाळ आणि त्यात एक डोकं.

नंतर पोलीस ॲक्शन झाली. फौज आली, झेंडा लागला, पेढे वाटले. आणि फौज पुढे गेल्यावर गावातलीच माणसं मुसलमानांच्या घराघरातून फिरायला लागली. मदारसाब त्याच पेवात उतरून बसला. ते पेव कुठे आहे हे गावात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. ह्याच घराला माहीत होतं. सुभद्राबाईच्या बापानं बोट दाखवलं.

गावाचं नाव म्हातारीनं लिहू दिलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

अक्षरानं मजकूर लिहिला, महेजबीननं चित्रं काढली. आठव्याच्या वेळी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे दुसऱ्या कुणाला देऊ का काढायला? ती म्हणाली, “का मॅडम? पेव मलाच जमतं.” पाचवं चित्र तिनं पेवाच्या आतून वर बघताना काढलं होतं. गोल आभाळ, मदारसाबचं डोकं, खाली येणारा तांब्या. आठवंही तसंच, आतून. तेच गोल आभाळ, पण कडेनं पाच-सहा डोकी वाकलेली, आणि एक हात, बोट खाली रोखलेलं. मदारसाब चित्रात नाहीच. बघणारा तोच. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कुठून सुचलं? मी तिला नुसतं “छान” म्हणाले होते. आता वाटतं, तेव्हा अजून काही म्हणायला हवं होतं.

हे चित्र तू काढून टाकलंस. आणि तुला पद्धत पाठ आहे, म्हणून नुसतं चित्र काढून भागणार नाही हेही तुला माहीत होतं. आठव्याचा मजकूर सातव्याच्या पाठीवर होता, त्यावर पांढरा कागद चिकटवलेला होता. काल लातूरच्या त्या हॉलमध्ये, समोर अधिकारी, पेपरवाले, मोठ्या पडद्यावर जपानची तीस मुलं, आणि अक्षरानं सातवं चित्र ओढून मागे सरकवलं. समोर एकदम नववं आलं, मोकळं अंगण. ती वाचायला गेली आणि थांबली. मी बाजूला उभी होते, मला तिची मान दिसली. मग तिनं कागदावर होतं ते वाचलं. “यानंतर गावात शांतता आली. सगळे सुखरूप आपापल्या घरी परतले.”

सुभद्राबाईला मान म्हणून पहिल्या रांगेत, स्पीकरच्या शेजारी बसवलं होतं. ती बोटांवर चित्रं मोजत होती.

पुढे प्रश्नोत्तरं झाली. तिकडच्या एका मुलीनं मदारसाबबद्दल विचारलं. ती वेळ कशीतरी निभावली गेली.

नंतर पायऱ्यांवर मी तुला गाठलं, तर तू म्हणालीस, “वातावरण बघतेस ना रुद्रा? कुणी मोबाइलवर तेवढ्याच चित्राचा फोटो काढून फिरवला तर? त्या महेजबीनच्या बापाचं सायकलचं दुकान बसस्टँडसमोर आहे. माझं काय जातंय, मी नांदेडला जाईन.” तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या पोरीला तू विचारलं नाहीस. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली होती का? नाही. हरकत येईल म्हणून तू आधीच घेऊन टाकलीस. आणि माझ्या मुलींच्या समोर, माझ्या नाकावर टिच्चून.

लहानपणी अंगणात सागरगोटे खेळताना कुणी चिडी खेळलं की रडून मोकळं होता यायचं. ह्या वयात मैत्रिणीनं असं केलं तर काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही. मी फार दुखावले आहे, वर्षा. हे तुला कळावं एवढ्यासाठी चार पानं लिहिली.

उत्तराची वाट बघते. फोन करू नकोस.

रुद्राणी

---

औसा,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

वर्षा,

तुझा मेसेज मिळाला. चार पानांना एक ओळ. “कागदावरचं अक्षर कुणाचं होतं, तेही लिहायचं होतंस.”

दोन आठवडे मी ह्या ओळीवर रागावले होते. पहिला आठवडा तुझ्यावर. दुसऱ्याचं सांगते.

अक्षर माझं होतं.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला तू लॅमिनेशनसाठी संच न्यायला औशाला आलीस. नांदेडची गाडी लागायला वेळ होता, आपण कँटीनमध्ये बसलो. तू म्हणालीस, “दोन ओळी लिहून दे. वापरायची वेळ येणार नाही. आली तर निदान तुझ्या भाषेत असू दे.” मी म्हणाले, “नको.” तू म्हणालीस, “बरं.” आणि चहा पीत राहिलीस. मग मी पर्समधून कागद काढला.

ह्यात तू फसवलंस हे खरंच आहे. “कुणी हरकत घेतली तरच” असं ठरलं होतं, आणि कुणी घेतली नव्हती. ते मी मागे घेत नाही. पण मी परत परत त्या टेबलाशी जाते. मी कागद सातव्या चित्राच्या पाठीवर ठेवून मापून कापला होता, वर्षा. कँटीनवाल्याकडून कात्री मागून घेतली होती. मजकूर पुरता झाकला जातो का ते उजेडात धरून पाहिलं. पहिली ओळ आधी “गाव शांत झालं” अशी होती, ती मला ओबडधोबड वाटली, म्हणून खोडून “गावात शांतता आली” केली. जे वापरायचंच नाही ते माणूस इतकं नीट करतो का? मी स्वतःला विचारलं. उत्तर मला त्याच दिवशी माहीत होतं, असं आता वाटतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, “पांढरा कागद चिकटवलेला होता.” वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे.

आणि दुसरं एक वाक्य आहे. “ती वेळ कशीतरी निभावली गेली.” तू हॉलमध्ये होतीस, तुला ठाऊक आहे कशी निभावली गेली. पण तू त्याबद्दल मेसेजमध्ये काही लिहिलं नाहीस. मला वाचवलंस की माझ्यासाठी ठेवून दिलंस?

लिहूनच टाकते. पडद्यावरच्या त्या बारक्या मुलीनं उठून विचारलं, आणि दुभाष्या बाईंनी मराठीत सांगितलं, “ज्या काकांनी सगळ्यांना पेवात लपवलं, ते नंतरच्या चित्रांत दिसले नाहीत. त्यांचं पुढे काय झालं?” इतक्या मोठ्या हॉलमध्ये हे फक्त तिच्या लक्षात आलं होतं. अक्षरानं माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्याकडे पाहिलं, तू मोबाइलमध्ये बघत होतीस. मी पुढे झाले, अक्षराच्या हातून माइक घेतला आणि म्हणाले, “ते पुढे हैदराबादला आपल्या नातेवाइकांकडे गेले. तिथेच सुखानं राहिले.”

दुभाष्या बाईंनी सांगितलं, आणि तिकडच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो माणूस वाचला म्हणून त्यांना आनंद झाला होता.

हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस. माझ्या कागदावरही ते नव्हतं. आणि हे बोलताना मला महेजबीनच्या बापाचं दुकान आठवलं नाही, हेही तुला लिहायला हवं. हेडसर आठवले, पहिल्या रांगेत हसत बसलेले. आणि कँटीनमध्ये तू जाता जाता बोलली होतीस ते, पुढच्या वर्षी तिकडे जाणाऱ्या दोन शिक्षकांच्या यादीत माझं नाव आहे म्हणून. तू लाच दिलीस असं मी म्हणत नाही. तू सहज बोललीस. मी ते सहज ऐकलं नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर काय आहे सांगू? “प्रश्नोत्तरं समाधानकारक.” जी वही मी कुणाला दाखवत नाही, तिच्यातसुद्धा.

मागच्या बुधवारी शाळा सुटल्यावर सुभद्राबाईंकडे गेले. आधीचे दहा दिवस जायचं टाळलं. म्हातारी ओट्यावर अंबाडी निवडत बसली होती. मी “शरणार्थ आजी” म्हणाले. तिनं नुसती मान हलवली, पाट सरकवला आणि अंबाडीची अर्धी जुडी माझ्यापुढे टाकली. आम्ही दोघी निवडत बसलो. मी तयारी करून गेले होते, तुझ्याबद्दल सांगायची, वातावरणाबद्दल सांगायची. तिनं ते येऊच दिलं नाही.

“तुमाला कुनी सांगितलं ते?” ती म्हणाली.

“काय आजी?”

“मदारसाब हैदराबादला गेला म्हनून.”

स्पीकर तिच्या कानाशीच होता, वर्षा. बाकीचं तिला ऐकू आलं नसेल, माझा आवाज आला होता.

“कुणी नाही सांगितलं,” मी म्हणाले. “मला त्या वेळेला सुचलं.”

तिनं हातातली काडी खाली ठेवली. “सुचलं?” मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रागानं नाही. ओळखीचं कुणी दिसल्यासारखी. “माझ्या बापाला बी हेच सुचलं व्हतं. घरी आला, हातपाय धुतले, आन् आईला म्हनला, मदारसाब हैदराबादला गेला, भावाकडं. आई म्हनली, बरं झालं बाई. मी तितंच व्हते. मी पेवाच्या तोंडाशी जाऊन बघून आले व्हते. तरी बोलले न्हाई.”

मी पुढची काडी उचलली.

“आई मरंस्तवर म्हनायची, येवढं केलं त्या मानसानं आपल्यासाठी, आता हैदराबादहून येक पत्र तरी टाकावं का न्हाई त्यानं. दर दिवाळीला म्हनायची. बाप ऐकून घ्यायचा. जेवायचा.”

अंबाडी निवडून झाली. तिनं टोपलीत भरली. मी म्हणाले, “आजी, माझी चूक झाली.” ती म्हणाली, “चूक नव्हं ते,” आणि आत उठून गेली. चहा आला नाही. औशात कुणाच्या घरून मी चहा न घेता उठल्याचं मला आठवत नाही.

दाराशी अक्षरा उभी होती. मी तिला विचारलं, तो कागद दिसल्यावर तू वाचलास का? थांबली का नाहीस? तुला तर सगळं पाठ होतं.

“तुमचं अक्षर व्हतं मॅडम,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाचं असतं तर फाडला असता.”

तिच्या बोलण्यात रागही नव्हता गं. एखादा हिशोब चुकला तर मूल ‘मला असं वाटलं होतं’ म्हणून सांगतं, तसं सांगितलं.

ह्या दोन आठवड्यांत मी वर्गात शिकवते आहे. अक्षरा आता तिसऱ्या बाकावर बसते, विचारलं तर उत्तर देते, वही वेळेवर देते. तिच्याकडे बोट दाखवावं असं काही नाही. महेजबीन गुरुवारी स्टाफरूमच्या दाराशी आली आणि बाकीच्या बाया जाईपर्यंत थांबली.

“मॅडम, एक विचारू? माझं चित्र खराब होतं का?”

मी म्हणाले, “नाही गं. सगळ्यांत चांगलं तेच होतं.”

“मग ठीक आहे.”

मला वाटलं ती जाईल. ती गेली नाही. “अब्बा म्हणाले, बरं झालं काढून टाकलं ते. अम्मी म्हणाली, बरं कसं झालं, पोरीनं पंधरा दिवस घातले. दोघांचं भांडण झालं.” आणि हसली. मग म्हणाली, “अब्बांनी पण मला विचारलं नाही. तुम्ही पण नाही.”

म्हणजे तुझी भीती त्यांच्या घरातही आहे, तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. पण त्या घरात त्यावर निदान भांडण झालं. आपण दोघींनी चहा घेतला.

मी तिला म्हणाले, परत काढशील का ते चित्र? पुन्हा दाखवायचं असेल तर? ती म्हणाली, “परत नाही काढणार. चांगलं होतं म्हणता, मग परत कशाला काढू? तेच आणा.”

मग अक्षरालाही बोलावून मी दोघींना सांगितलं की मी जपानच्या शाळेला पत्र लिहिते, खरं काय ते सगळं लिहिते, दुभाष्या बाई भाषांतर करून देतील. मला वाटलं हे ऐकून त्यांना बरं वाटेल. अक्षरा म्हणाली, “पत्र नको मॅडम. पत्र त्यांचे सर वाचतील आणि ठेवून देतील. जिथं बोललात तिथंच बोला.”

तर वीस तारखेला, शनिवारी, वर्षातली शेवटची भेट आहे. तोच हॉल, तोच पडदा, तीच मुलं. लिंक तुझ्याकडे, कार्यक्रमपत्रिका तुझ्याकडे, माइक कुणाला द्यायचा हेही तुझ्याच हातात. मला दोन मिनिटं हवी आहेत. मी त्या मुलीला नाव घेऊन सांगणार आहे की तिनं विचारलेल्या प्रश्नाचं मी खोटं उत्तर दिलं, आणि खरं उत्तर हे आहे. आठवं चित्र दाखवायचं की नाही, ते महेजबीन आणि तिचे आईवडील ठरवतील. मी उद्या त्यांच्या घरी जाणार आहे, दोघांनाही समोर बसवून विचारणार आहे, आणि ते नको म्हणाले तर चित्र चौकटीत जाणार नाही. पण ते औशात, तिच्या हातात यायला हवं. ठरवायचं तर वस्तू जवळ पाहिजे. पुठ्ठ्यात घालून पाठव, दुमडू नकोस. नाहीतर रविकिरणकडे दे, तो शनिवारी येतोय. त्याला सांगायचं असेल तर सगळं सांग, आता माझी हरकत नाही.

सुभद्राबाई येणार नाहीत. मी निरोप पाठवला होता. त्यांचं उत्तर अक्षरानं जसंच्या तसं सांगितलं, “मी माझं सांगून बसले. आता ज्यानं झाकलं त्यानं उघडावं.”

यादीतून माझं नाव काढ. ह्यात मोठेपणा नाही. तिकडे गेले तर ती मुलगी मला मदारसाबबद्दल अजून काही विचारेल, त्याला मुलंबाळं किती, हैदराबादला काय करत होता, आणि मला भीती वाटते की मला सुचेल.

तू मला फसवलंस, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते तसंच राहू दे. त्यातलं एक अक्षरही मला खोडायचं नाही. पण बावीस वर्षांत मी तुला इतकी चांगली ओळखते, आणि तूही मला, की तो कागद तू माझ्याकडेच का मागितलास हे मला समजतं. दुसऱ्या कुणी तो दिला नसता.

वीस तारखेला तू माइक देशील की नाही, मला खरंच सांगता येत नाही. नाही दिलास तर मी जागेवरून उठून बोलेन. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो, तुला माहीत आहे. पडद्यापलीकडे पोचणार नाही, एवढंच. ते तुझ्यावर आहे.

पत्राखाली ‘तुझी’ लिहायला हात गेला होता. ते त्या दिवसानंतर लिहीन, किंवा लिहिणार नाही.

रुद्राणी